पाठीराख्यांचे मोल आणि निवृत्त क्रमांकांचा मान



हॉकी हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर मैदानाची हिरवळ, मेजर ध्यानचंद यांची काठी आणि ऑलिंपिकमधील सुवर्णपदके उभी राहतात. आज मी ज्या हॉकीविषयी बोलणार आहे, ती मात्र बर्फावर खेळली जाते. आपल्याकडे लडाखमध्ये हिवाळ्यात तळी गोठली की तेथील मुलेमुली हा खेळ खेळतात. पण त्याचे खरे माहेर कॅनडा. तेथे आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तो धंदेवाईक स्वरूपात खेळला जातो आणि त्याची व्यवस्था १९१७ साली स्थापन झालेल्या नॅशनल हॉकी लीगकडे आहे. आज या लीगमध्ये ३२ संघ आहेत आणि विजेत्याला स्टॅन्ले चषक मिळतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. गोलरक्षक धरून प्रत्येक बाजूचे सहा खेळाडू बर्फावर असतात. त्यांच्या पायांत पोलादी पात्यांचे बूट असतात. चेंडूऐवजी कठीण रबराची चपटी चकती असते. सामना वीस-वीस मिनिटांच्या तीन भागांत होतो आणि खेळाडू सतत बदलत राहतात, कारण त्या वेगाने मिनिटभरापेक्षा अधिक काळ कोणीही टिकत नाही. चकती ज्याच्या ताब्यात आहे त्याला अंगाने धडक देणे नियमाला धरून असते. म्हणजे वेग, कठीण पृष्ठभाग, हातातील काठी आणि धडक देण्याची मुभा या चारही गोष्टी तेथे एकत्र येतात. अशा खेळात माणसाचा संताप उसळायला फार काळ लागत नाही, हे वेगळे सांगायला नको.

या खेळातील दोन प्रथांकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. पहिली प्रथा अशी की, संघात एखादा खेळाडू मुख्यतः मारामारीसाठी ठेवला जात असे. इंग्रजीत त्याला ‘एन्फोर्सर’ म्हणतात. मी त्याला ‘पाठीराखा’ म्हणेन, कारण आपल्या संघातील कुशल खेळाडूंची पाठराखण करणे हेच त्याचे काम होते. दुसरी प्रथा अशी की, एखाद्या खेळाडूने संघाची असामान्य सेवा केली तर त्याच्या जर्सीवरील क्रमांक निवृत्त केला जातो. त्यानंतर त्या संघात तो क्रमांक कोणालाही मिळत नाही, आणि त्याचे निशाण क्रीडागृहाच्या छताला कायमचे टांगले जाते. या दोन प्रथा जेथे एकमेकींना भेटतात, तेथे एक अवघड प्रश्न उभा राहतो: ज्याने गोल थोडे केले आणि ठोसे पुष्कळ खाल्ले, त्याला हा सर्वोच्च मान द्यावा काय? प्रश्न खेळातला असला तरी त्याचे उत्तर खेळापुरते नाही. आपल्यासाठी कष्टाचे आणि धोक्याचे काम करणाऱ्यांचे आपण काय देणे लागतो, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

प्रथम पाठीराख्याचा विचार करू. इतर बहुतेक खेळांत हाणामारी करणाऱ्याला मैदानाबाहेर काढतात. ऑलिंपिकमधील आणि अमेरिकन विद्यापीठांतील बर्फावरच्या हॉकीतही हाच नियम आहे. धंदेवाईक लीगने मात्र १९२२ साली वेगळा मार्ग धरला. मारामारीसाठी पाच मिनिटांची शिक्षा ठरवण्यात आली. तेवढा वेळ दंडकक्षात बसायचे आणि पुन्हा खेळायला उतरायचे. वरवर पाहता ही शिक्षा आहे, परंतु तिचा व्यावहारिक अर्थ काय होतो ते पाहा. दोन्ही संघांचा एकेक खेळाडू दंडकक्षात गेला की दोन्ही बाजू समसमानच राहतात. संघाचे काहीच नुकसान होत नाही. मग ज्याच्या अनुपस्थितीने फारसे अडत नाही असा धट्टाकट्टा खेळाडू बाळगणे आणि प्रतिपक्षाच्या खेळाडूसह त्याला पाच मिनिटे बाहेर बसू देणे, हा सरळ फायद्याचा हिशेब ठरतो. पाठीराख्याचा जन्म मनुष्यस्वभावातील क्रौर्यातून झाला, असे म्हणण्यापेक्षा तो या हिशेबातून झाला असे म्हणणे अधिक योग्य होईल.

यात पंचांच्या मर्यादेचाही भाग होता. १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत सामन्यात मुख्य पंच एकच असे. त्याच्या पाठीमागे कोण कोणाच्या बरगडीत काठी खुपसतो, हे त्याला दिसणे शक्य नव्हते. पंचाला न दिसलेल्या अपराधाची शिक्षा कोणी करायची? त्याचे उत्तर म्हणून खेळाडूंनी आपापसांत एक अलिखित संहिता निर्माण केली. लढाई दोघांच्या संमतीने व्हावी, हातमोजे खाली टाकावेत, काठी वापरू नये, पडलेल्यावर हात उगारू नये, दमलेल्याला आव्हान देऊ नये. जेथे राजदंड पोहोचत नाही तेथे गावकी आपले नियम करते, तसाच हा प्रकार होता. त्याला न्याय म्हणावे की नाही हा वादाचा विषय आहे, पण ती एक व्यवस्था होती, एवढे मान्य करावे लागते.

या व्यवस्थेचे काही ठळक प्रतिनिधी पाहू. माँट्रियल कॅनेडियन्स हा संघ १९६० च्या सुमारास कौशल्यासाठी विख्यात होता, परंतु जाँ बेलिव्हो यांच्यासारख्या खेळाडूंना प्रतिस्पर्धी त्रास देत. १९६३ साली संघाने जॉन फर्ग्युसनला आणले. आपल्या पहिल्याच सामन्यात, खेळ सुरू होऊन अवघी बारा सेकंदे झाली असताना, त्याने बॉस्टनच्या टेड ग्रीनशी दोन हात केले. पुढील आठ हंगामांत माँट्रियलने पाच वेळा स्टॅन्ले चषक जिंकला. १९८० च्या दशकात एडमंटनच्या संघात वेन ग्रेट्स्की हा अलौकिक खेळाडू होता. त्याच्या सोबतीला डेव्ह सेमेन्को असे आणि नंतर मार्टी मॅकसॉर्ली. १९८८ साली ग्रेट्स्की लॉस एंजेलिसच्या संघात गेला, तेव्हा त्याच व्यवहारात मॅकसॉर्लीही त्याच्याबरोबर गेला. जगातला सर्वांत मौल्यवान खेळाडू विकत घेणाऱ्यांना त्याचा राखणदारही सोबत हवा होता, यावरून पाठीराख्याची त्या काळातील किंमत कळते.

या विचाराची परिसीमा फिलाडेल्फियाच्या संघाने गाठली. १९७४ आणि १९७५ या लागोपाठच्या दोन वर्षी त्याने चषक जिंकला, तो कौशल्याबरोबरच दहशतीच्या बळावर. त्याच्या डेव्ह शुल्ट्झने १९७४-७५ च्या हंगामात ४७२ मिनिटांची शिक्षा ओढवून घेतली. एका हंगामातील हा उच्चांक आजतागायत मोडलेला नाही. जानेवारी १९७६ मध्ये सोव्हिएत सेनादलाचा संघ फिलाडेल्फियात आला. तेथील धसमुसळ्या खेळामुळे तो सामना चालू असताना काही काळ बर्फ सोडून निघून गेला आणि अखेर पराभूत झाला. असे वाटू लागले की यापुढे दांडगाईच चषक जिंकणार. पण त्याच वर्षीच्या अंतिम फेरीत माँट्रियलने फिलाडेल्फियाला ओळीने चार सामन्यांत हरवले. गी लाफ्लूरसारख्या चपळ खेळाडूंचा तो विजय होता.

आता पाठीराख्याच्या समर्थकांचे म्हणणे नीट मांडले पाहिजे, कारण ते उथळ नाही. ते म्हणतात, पाठीराखा मारामारी वाढवीत नाही, तो ती टाळतो. तो संघाच्या बाकावर बसलेला आहे एवढ्यानेच प्रतिस्पर्ध्याची काठी जागच्या जागी राहते. या म्हणण्यात तथ्य आहे. गॉर्डी हाऊ या महान खेळाडूला कोणाच्या संरक्षणाची गरज पडली नाही, कारण तो स्वतःच आपला पाठीराखा होता. १९५९ साली न्यूयॉर्कच्या लू फाँटिनाटोचे नाक त्याच्या ठोशांनी मोडले, तेव्हापासून त्याच्या वाटेला जाताना खेळाडू दहादा विचार करीत. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर २००७ साली चषक जिंकणाऱ्या अ‍ॅनाहाइमच्या संघाचे देता येईल. त्या हंगामात मारामारीबद्दलच्या सर्वाधिक शिक्षा याच संघाच्या वाट्याला आल्या होत्या.

परंतु वचक ही मोठी फसवी वस्तू आहे. जे घडले नाही ते वचकामुळे घडले नाही, हे सिद्ध करणे अवघड असते. आणि जे घडले ते वचक असूनही घडले. २००० साली याच मॅकसॉर्लीने डोनाल्ड ब्रॅशियर या दुसऱ्या पाठीराख्याच्या डोक्यावर काठी मारली. व्हँकुव्हरच्या न्यायालयात तो दोषी ठरला आणि लीगमध्ये पुन्हा खेळला नाही. २००४ साली टॉड बर्टुझीने जुन्या धडकेचा सूड घेण्यासाठी स्टीव्ह मूरवर पाठीमागून हल्ला केला आणि मूरची खेळाडू म्हणून कारकीर्द तेथेच संपली. संहितेने सूडाला मर्यादा घातली खरी, परंतु सूड हे खेळाचे अंग आहे ही समजूतही तिनेच रुजवली. धाकाने राखलेली शांतता धाक देणाऱ्याच्या संयमावर अवलंबून असते, आणि माणसाचा संयम ही काही टिकाऊ पायाभरणी नव्हे.

आता दुसऱ्या प्रथेकडे वळू. क्रमांक निवृत्त करण्याची चाल आपल्याला आता अपरिचित राहिलेली नाही. सचिन तेंडुलकर यांचा १० आणि महेंद्रसिंग धोनी यांचा ७ हे क्रमांक भारतीय क्रिकेट संघात आता कोणी घालत नाही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवून गोलरक्षक पी. आर. श्रीजेश निवृत्त झाले, तेव्हा ऑगस्ट २०२४ मध्ये हॉकी इंडियाने वरिष्ठ संघातील १६ हा त्यांचा क्रमांक निवृत्त केल्याचे जाहीर केले. या चालीचा उगम शोधत गेलो तर आपण बर्फावरच्या हॉकीपाशीच येतो, आणि तो उगम ज्या घटनेत आहे ती घटना आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे.

१२ डिसेंबर १९३३ रोजी बॉस्टनमध्ये बॉस्टन आणि टोरंटो या संघांचा सामना चालू होता. टोरंटोच्या किंग क्लॅन्सीने बॉस्टनच्या एडी शोरला पाडले. शोर उठला आणि सूडाच्या भरात त्याने समोर दिसलेल्या टोरंटोच्या एस बेलीला पाठीमागून धडक दिली. खोडी कोणी काढली आणि शिक्षा कोणाला झाली! बेलीचे डोके बर्फावर आपटले आणि कवटी फुटली. ते पाहून टोरंटोचा रेड हॉर्नर शोरवर धावून गेला आणि त्याने एका ठोशाने त्याला आडवे केले. हॉर्नर हा त्या काळचा पाठीराखाच होता. सलग आठ हंगाम सर्वाधिक शिक्षा त्याच्याच नावावर लागल्या. पाठीराख्याने आपले काम चोख बजावले, पण त्यामुळे बेलीची कवटी सांधली गेली नाही. त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. कित्येक दिवस तो मृत्यूच्या दारात होता. तो वाचला, परंतु पुन्हा कधी खेळला नाही.

१४ फेब्रुवारी १९३४ रोजी टोरंटोत बेलीच्या साहाय्यार्थ एक सामना भरवण्यात आला. एका बाजूला टोरंटोचा संघ आणि दुसऱ्या बाजूला इतर संघांतील निवडक खेळाडू होते, आणि त्या निवडक खेळाडूंत खुद्द शोरही होता. सामन्यापूर्वी बेली स्वतः खेळाडूंना जर्सी देत होता. शोर पुढे आला, तेव्हा बेलीने त्याचा हात हातात घेतला आणि प्रेक्षागृह टाळ्यांनी दुमदुमले. त्याच प्रसंगी टोरंटोचा ६ हा क्रमांक यापुढे कोणी घालणार नाही, अशी घोषणा झाली. लीगच्या इतिहासात निवृत्त झालेला हा पहिला क्रमांक. सामन्यातून सुमारे २० हजार डॉलर जमले आणि ते बेलीला देण्यात आले. १९२९ नंतरच्या महामंदीच्या त्या काळात ही रक्कम लहान नव्हती.

या घटनेतील एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तेथे मान आणि मदत या दोन गोष्टी एकाच दिवशी, एकाच हाताने दिल्या गेल्या. क्रमांक छताला गेला आणि पैसे त्या माणसाच्या हातात पडले. खेळाने ज्याचे नुकसान केले त्याचे देणे खेळाने फेडले, आणि मग त्याचे नाव कोरले. टोरंटोच्या संघाने पुढे दीर्घकाळ हाच दंडक पाळला. इतर थोर खेळाडूंचे क्रमांक तो ‘गौरवी’ परंतु निवृत्त करीत नसे. ज्याची कारकीर्द दुर्घटनेने अकाली संपली त्यालाच तो मान मिळे. बेलीनंतर असा मान मिळाला तो केवळ बिल बॅरिल्कोला. १९५१ साली त्याने चषक जिंकून देणारा गोल केला आणि त्याच उन्हाळ्यात तो विमान अपघातात नाहीसा झाला. विमानाचे अवशेष १९६२ साली सापडले. बेली मात्र ८८ वर्षांचे आयुष्य जगून १९९२ साली वारला. मधल्या काळात, १९६८ साली, आपला ६ क्रमांक रॉन एलिस या तरुण खेळाडूने घालावा, असे त्याने स्वतःच सुचवले होते. मान ही अडवून ठेवण्याची वस्तू नव्हे, हे त्याला उमगले होते. टोरंटोने आपला दंडक २०१६ साली बदलला आणि सर्व गौरवित क्रमांक निवृत्त केले.

इतर संघांनी हा मान प्रामुख्याने कर्तृत्वाला दिला. माँट्रियलने आजवर १५ क्रमांक निवृत्त केले आहेत. ग्रेट्स्कीचा ९९ हा क्रमांक तर २००० साली संपूर्ण लीगनेच निवृत्त केला. क्रमांक एक ते नव्व्याण्णव एवढेच असल्याने हे दान मोजूनमापून करावे लागते, आणि म्हणूनच त्याला किंमत आहे. गोल करणाऱ्यांचे, गोल अडवणाऱ्यांचे आणि संघनायकांचे क्रमांक छताला गेले. पाठीराख्यांचे बहुधा गेले नाहीत. फर्ग्युसनचा २२ क्रमांक पुढे स्टीव्ह शटने घातला. शुल्ट्झचा ८ क्रमांक पुढे मार्क रेकीला मिळाला. डेट्रॉइटच्या बॉब प्रोबर्टने १९८७-८८ मध्ये ३९८ मिनिटे शिक्षा भोगली आणि तेथील प्रेक्षकांचे त्याच्यावर विलक्षण प्रेम होते, परंतु त्याचा २४ क्रमांक नंतर ख्रिस चेलिओसच्या पाठीवर दिसला.

याला काही अपवाद आहेत आणि ते अभ्यासण्यासारखे आहेत. सेंट लुईसच्या संघाने १९७७ साली बॉब गॅसॉफचा ३ क्रमांक निवृत्त केला. तो दणकट बचावपटू ऐन उमेदीत मोटारसायकलच्या अपघातात मरण पावला होता. बॉस्टनने २००२ साली टेरी ओ’रायलीचा २४ क्रमांक निवृत्त केला. त्याने २,०९५ मिनिटे दंडकक्षात काढली होती, पण त्याच्या खात्यावर २०४ गोल आणि ४०२ गोलसाहाय्ये होती आणि तो संघनायकही होता. या दोघांच्या बाबतीत मारामारीखेरीज काहीतरी अधिक होते; एकाचा अकाली मृत्यू आणि दुसऱ्याचे कौशल्य.

खरा वाद उद्भवला तो १७ फेब्रुवारी २०२३ रोजी. त्या दिवशी ओटावाच्या संघाने ख्रिस नीलचा २५ क्रमांक निवृत्त केला. नीलने २००१ पासून २०१७ पर्यंत याच एका संघाकडून १,०२६ सामने खेळले. त्यात त्याचे गोल ११२ आणि गोलसाहाय्ये १३८ होती. शिक्षेची मिनिटे मात्र २,५२२ होती. टीकाकारांनी विचारले, सरासरी नऊ सामन्यांत एक गोल करणाऱ्याला हा मान मिळू लागला तर मानाला अर्थ काय उरला? ओटावाकरांचे उत्तर साधे होते. सोळा वर्षे हा माणूस आमच्यासाठी उभा राहिला, दुसऱ्या संघाकडे गेला नाही आणि निवृत्तीनंतरही याच गावचा होऊन राहिला.

या वादात माझे मत ओटावाकरांच्या बाजूला झुकते. निवृत्त क्रमांक हे आकड्यांचे प्रशस्तिपत्र नाही. त्यासाठी लीगच्या नोंदवह्या आहेत, सन्मान-दालन आहे. निवृत्त क्रमांक हे एका संघाचे आणि एका गावाचे स्मरण आहे. कोणाला स्मरायचे हे त्या गावाने ठरवावे. बाहेरच्याने त्याला तराजू लावू नये. शिवाय संघाने त्याला कामच पाठराखणीचे दिले होते. ज्याला वेशीवर पहाऱ्याला उभे केले, त्याने शेत किती नांगरले असे सुगीच्या दिवशी विचारणे हा न्याय नव्हे.

तथापि येथेच थांबता येत नाही, कारण या पहाऱ्याची किंमत काय होती ते आता आपल्याला कळले आहे. बॉब प्रोबर्ट २०१० साली हृदयविकाराने वारला, तेव्हा तो ४५ वर्षांचा होता. बॉस्टन विद्यापीठातील संशोधकांनी त्याचा मेंदू तपासला, तेव्हा त्यात क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी हा ऱ्हासकारी विकार आढळला. डोक्याला वारंवार बसलेल्या आघातांशी या विकाराचा संबंध आहे. त्यात एका प्रथिनाच्या विकृत गुठळ्या मेंदूत साठत जातात. त्याचे निश्चित निदान अजूनही मृत्यूनंतरच करता येते, आणि स्मृतिभ्रंश, नैराश्य, संतापाचे झटके ही त्याच्याशी जोडली गेलेली लक्षणे आहेत.

त्यानंतर आला २०११ चा उन्हाळा. १३ मे रोजी डेरेक बूगार्ड वेदनाशामक औषधे आणि मद्य यांच्या मिश्रणाने मरण पावला. तो २८ वर्षांचा होता. लीगमधल्या २७७ सामन्यांत त्याने तीन गोल केले होते, आणि तरीही न्यूयॉर्कच्या संघाने २०१० साली त्याच्याशी चार वर्षांसाठी ६५ लाख डॉलरचा करार केला होता, तो कशासाठी हे सांगायला नको. त्याच्या मेंदूतही तोच विकार सापडला. ऑगस्टमध्ये २७ वर्षांचा रिक रायपियन आणि ३५ वर्षांचा वेड बेलाक हे आणखी दोन पाठीराखे गेले. प्रत्येक मृत्यूचे कारण वेगळे असते आणि एका मेंदूवरून सगळ्यांविषयी बोलणे शास्त्राला धरून नाही, हे खरे. पण २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९६७ ते २०२२ या काळातील सहा हजारांहून अधिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या गेल्या. पाठीराखे आणि त्यांच्याशी तुलना करता येतील असे इतर खेळाडू यांच्यात मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र जे पाठीराखे मरण पावले, ते सरासरी दहा वर्षे आधी मरण पावले होते, आणि आत्महत्या व औषधांचे अतिसेवन ही कारणे त्यांच्यातच आढळली. दहा वर्षे हा आकडा छताला टांगलेल्या कोणत्याही क्रमांकापेक्षा मोठा आहे.

हे काम कोणाच्या वाट्याला येत असे तेही पाहिले पाहिजे. छोट्या गावांतून आलेले, अंगापिंडाने मजबूत, कौशल्यात किंचित उणे असे तरुण. त्यांना लीगमध्ये शिरायला हाच एक दरवाजा उघडा होता. १९८९ साली लीगमध्ये उतरलेला रॉबिन बावा हा भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. ब्रिटिश कोलंबियातील डंकन या गावी पंजाबी कुटुंबात जन्मलेल्या बावाचीही ओळख अंगाला अंग भिडवणारा खेळाडू अशीच होती. ज्याला दुसरे दार बंद असते तो उघड्या दारातून आत जातो. आत काय आहे याची चौकशी करण्याची चैन त्याला परवडत नाही. म्हणून ‘त्यांनी स्वखुशीने हे पत्करले’ हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे.

सुदैवाने ही प्रथा आता मावळतीला लागली आहे. कोणा एका सुधारकाच्या उपदेशाने ती मावळली नाही. १९८७ साली सामूहिक मारामारीविरुद्ध कडक शिक्षा आल्या. १९९२ साली मारामारीची सुरुवात करणाऱ्याची शिक्षा अधिक कडक झाली. २००५ नंतर खेळ अधिक वेगवान झाला आणि संघाच्या एकूण वेतनावर मर्यादा आली, तेव्हा केवळ मारामारीसाठी माणूस पोसणे परवडेनासे झाले. हिशेबातून जन्मलेली प्रथा हिशेबानेच क्षीण केली. २०२३-२४ च्या हंगामापासून क्विबेकच्या किशोर लीगमध्ये मारामारी करणाऱ्याला सामन्यातून थेट बाहेर काढतात. आणि ज्या अ‍ॅनाहाइमच्या संघाचा उल्लेख मी केला, त्यातील पाठीराखा जॉर्ज पॅरोस याची २०१७ साली लीगच्या खेळाडू-सुरक्षा विभागाच्या प्रमुखपदी नेमणूक झाली. ज्याने ठोसे खाल्ले त्याला सुरक्षिततेची किंमत अधिक कळत असावी.

पण प्रथा संपली म्हणून देणे संपत नाही. शेकडो निवृत्त खेळाडूंनी लीगविरुद्ध दावे लावले. २०१८ साली एक कोटी ८९ लाख डॉलरवर तडजोड झाली, आणि लीगने कोणतेही उत्तरदायित्व मान्य केले नाही. बूगार्डच्या कुटुंबीयांचा दावा २०१७ साली फेटाळला गेला. येथे १९३४ सालच्या त्या संध्याकाळची आठवण होते. मान आणि मदत तेव्हा एकत्र होत्या. आता त्या एकमेकींपासून दुरावल्या आहेत. निशाण शिवायला फारसा खर्च येत नाही. आजारी माणसाची शुश्रूषा, त्याच्या व्यसनावरील उपचार, त्याच्या पश्चात उरलेल्या मुलांचे शिक्षण यांना खर्च येतो. स्वस्त ते देऊन महाग ते टाळणे, याला मान म्हणत नाहीत.

तेव्हा माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर तीन भागांत द्यावे लागेल. पाठीराख्याचे मोल होते, कारण सदोष नियमांनी निर्माण केलेली गरज त्याने भागवली. त्याला मान द्यावा, कारण त्याने संघासाठी आपले शरीर झिजवले. परंतु तो मान त्या माणसाचा असावा. ज्या व्यवस्थेने त्याला झिजवले तिला त्या निशाणाआड लपता येऊ नये. ओटावाने २५ क्रमांक छताला लावला तो योग्यच केला. त्या छताखाली खेळणाऱ्या पुढच्या मुलाला मात्र तो क्रमांक मिळवण्यासाठी दोन हजार मिनिटे दंडकक्षात काढावी लागू नयेत, आणि ज्यांनी ती काढली त्यांना डॉक्टरच्या दारात एकटे उभे राहावे लागू नये. एवढे झाले तर १९३४ साली एका जखमी माणसाने पुढे केलेला हात वाया गेला नाही, असे म्हणता येईल.